पाडव्याची नोंद

रोहिणीने सकाळपासून हे चौथं कॅलेंडर ॲप फोनवर घेतलं होतं. घरातल्यांच्या मनगटावरचे तब्येत मोजणारे पट्टे वाचून ही ॲप्स हल्ली पुढच्या वर्षभराच्या नोंदी आपणहून भरत, आणि सहसा चुकत नसत. चौथ्यानेही दिवाळी भरली. लक्ष्मीपूजन होतं, भाऊबीजेला साताऱ्याला भावाकडे जाणं होतं. मधला पाडवा तेवढा कोरा होता. त्या दिवशी ती नवऱ्याला ओवाळायची. श्रावणानंतर मकरंदचं नाव कुठेच नव्हतं.

"अगं, एक ॲप निवडायला किती वेळ?" मकरंद चहाचे कप घेऊन आला. "घे कुठलंही. सगळी सारखीच असतात."

"हो, सारखीच आहेत," म्हणत तिने फोन पालथा ठेवला.

तो अंघोळीला गेल्यावर तिने एक जुनाट ॲप शोधून काढलं. त्याला पुढचं काही कळत नसे. आपण लिहू तेवढंच ते दाखवी. पाडव्यावर बोट ठेवून तिने लिहिलं, 'मकरंदला ओवाळणे'.

'दरवर्षी आठवण करू?' फोनने विचारलं.

न्हाणीघरातून त्याचं गुणगुणणं ऐकू येत होतं. तिने 'हो' दाबलं.