रईसाची भज्जी

नैवेद्याच्या ताटात बाजरीचे उंडे होते, आंबील होती, तिळाची पोळी होती. दाणे-पालेभाज्यांची मिसळ भाजी म्हणजे भज्जी, तिची जागा तेवढी मोकळी होती.

कडब्याच्या कोपीत लक्ष्मी मांडून झाली होती. बाहेर बांधाजवळ पंचवीस-तीस माणसं आपापले डबे उघडून बसली होती. नैवेद्य झाल्याशिवाय येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, कुणी तुकडा मोडत नाही. भज्जीचं पातेलं रईसाच्या पुढ्यात होतं. ते सगळ्यांना दिसत होतं आणि सगळे दुसरीकडे बघत होते.

ही वेळ येणार हे राजश्रीला ठाऊक होतं. लातुरात ती शाळेवर शिक्षिका. शिरूर अनंतपाळच्या रस्त्याला घरचं चार एकर शेत, आणि दरवर्षी येळवशीला गल्लीतली सगळी माणसं तिथं जेवायची. स्वयंपाक तिच्या सासूबाई, गोदावरीबाई, एकहाती करायच्या. यंदा त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. राजश्रीने सरळ प्रत्येक घराला एकेक पदार्थ वाटून दिला. गोदावरीबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, शेतावर बोलावलेल्या माणसाला डबा घेऊन ये म्हणायचं, याहून मोठी नाचक्की नाही. राजश्रीने ऐकून घेतलं आणि बेत बदलला नाही. पाहुण्यांच्या हातात जाताना काहीतरी देऊ, एवढं मात्र तिने कबूल केलं. तेही मॉलमधलं नको, आपल्या गल्ली-बाजारातल्या माणसांच्या हातचं. गल्लीतल्या सरजाबाईने जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांच्या पिशव्या शिवल्या. बचत गटाच्या बायकांनी शेंगाची चटणी कुटून दिली. आणि लाखेच्या बांगड्या सांगायला राजश्री शेजारच्या रईसाभाभीकडे गेली. रईसा घराच्या ओट्यावर शेगडी मांडून बांगड्या करायची.

रईसाने मापं लिहून घेतली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "सगळ्यांना काही ना काही करून आणा म्हणालात म्हणे. माझ्याकडं काय हाय?"

राजश्रीच्या यादीत रईसाचं नाव बांगड्यांसमोर होतं. पदार्थांच्या बाजूला ते नव्हतंच. तीस वर्षं रईसा येळवशीला येत होती, पोटभर जेवून जात होती. तिच्या घरचं मात्र कधी काही शेतावर आलं नव्हतं, आणि कुणी अडवलं होतं असंही नाही. कुणी सांगितलंच नव्हतं. राजश्रीला स्वतःची लाज वाटली. तिने यादीची घडी करून पर्समध्ये टाकली.

"भज्जी," ती म्हणाली.

म्हणजे येळवशीचा जीवच. आजवर गोदावरीबाईंनी दुसऱ्या कुणाला करू न दिलेली गोष्ट. घरी गेल्यागेल्या राजश्रीने त्यांना सांगून टाकलं. त्यांनी एवढंच विचारलं, की मग नैवेद्याचं काय. पूजा तुमची आहे, तुम्ही ठरवा, असं राजश्री म्हणाली.

आता ठरवायची वेळ आली होती. राजश्रीचा नवरा श्रीनाथ तिच्या कानाशी येऊन म्हणाला, पोळीवर भागवू, देव काही रागवायचा नाही. तो हळू बोलला होता, पण रईसाने ते ऐकलं. तिने पातेल्यावरचं झाकण नीट बसवलं आणि म्हणाली, आधी तुमची पूजा उरकून घ्या, भज्जी काय, मागून वाढता येईल.

राजश्री ताट घेऊन तशीच उभी राहिली. मोकळ्या जागेत तिने दुसरं काही ठेवलं नाही. तिची नजर सासूबाईंवर होती.

गोदावरीबाई कोपीच्या तोंडाशी बसल्या होत्या, प्लास्टरचा हात मांडीवर धरून.

"रईसा, आंबट चुका किती घातलास?"

"दोन जुड्या."

"कवा घातलास?"

"शेवटाला. दाणे शिजल्यावर," रईसा म्हणाली. "तुम्ही सगळ्यांकडं पाठ करून टाकता, काकू. पण मी तीस वर्षं बांधावरून बघून राहिले."

कुणीतरी हसलं. गोदावरीबाईंनी सुनेकडे पाहिलं. वीस वर्षांत राजश्रीने चुका कधी घालायचा हे कधी विचारलंही नव्हतं.

"अन् चिंच?"

"न्हाई. तुमच्यात कुठं असती चिंच? ताकच."

गोदावरीबाईंनी डाव्या हाताने पातेल्याकडे बोट केलं.

"काढ ते झाकण," त्या म्हणाल्या. "लक्ष्मी कवाची ताटकळलीय."

रईसाने पदर डोक्यावरून ओढला, भज्जीचा पहिला डाव ताटात वाढला, आणि राजश्री ताट घेऊन कोपीत वाकली.

मग पंगत बसली. डब्यांतून आणलेलं एकमेकांच्या पानांत जाऊ लागलं, कुणाची खीर, कुणाची शेंगापोळी, कुणी अर्धापुराहून आणलेली केळी. गोदावरीबाई डाव्या हाताने चमच्याने जेवल्या. भज्जी त्यांनी दोनदा घेतली. चांगली झाली असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

ऊन कलल्यावर माणसं निघू लागली. राजश्रीने पिशव्या आणून सासूबाईंशेजारी ठेवल्या. त्या एकेकाला पिशवी द्यायच्या आणि आतलं काय कुणाच्या हातचं आहे ते नाव घेऊन सांगायच्या. सरजाबाईला तर त्यांनी तिचेच टाके बोट ठेवून दाखवले.

रईसा पातेलं आवरून उभी राहिली. तिची पिशवी राजश्रीने वेगळी ठेवली होती. ती उचलून तिने रईसाच्या हातात द्यायला पुढे केली, तशी गोदावरीबाईंनी मध्येच हात घालून अडवली.

"तिला आत्ता नको," त्या म्हणाल्या. "आधी पाहुण्यांचं होऊ दे."