आतली कडी

ह्यांनी चाळीस वर्षं शहरभर दारं बसवली. आता परसात आमच्या पहिल्यावहिल्या चार कोंबड्यांसाठी खुराडं बांधलं आणि कडी बसवली आतल्या बाजूला. "बाबा, कोंबड्या झोपताना कडी लावून घेणार का?" लेकानं विचारलं. सून हसली, तो हसला नाही. ह्यांच्या हातून गॅस चालू राहिल्यापासून तो टपलेलाच होता. आणखी एक चूक झाली की हत्यारांची पेटी कुलपात. हे कडीवर बोट ठेवून नुसते उभे. "मीच सांगितलं आतून लावायला," मी म्हणाले. "बाहेरची कडी बोकाही उघडतो. शिकलेल्यांना एवढंही कळू नये?" लेक घरात निघून गेला. मग ह्यांनी हळूच विचारलं, "खरंच तू सांगितलं होतंस?" "मग काय भिंतीनं सांगितलं?" उभ्या संसारात माझा एक शब्द ह्यांनी हुज्जत न घालता ऐकला नव्हता. आज मुकाट्यानं मान डोलावली.