अकरा निपल

जयवंतीने दोन्ही हातांनी ट्रॅक्टरचे स्टीअरिंग ओढले. ते वीतभर वळले आणि पुढच्या चाकांच्या धुऱ्यातून कण्हल्यासारखा आवाज आला.

"गंज धरायला लागलाय," ती म्हणाली.

ओसरीवर बसलेल्या कमलाकांतने मान वर केली. तो तिचा चुलतभाऊ. तिच्या वडिलांना, तात्यांना, अग्नी त्यानेच दिला होता. "दहावं होऊ दे, ताई. मग मारू ग्रीस."

"तोवर हा जाम होईल. चिखलणीचं पाणी आत आहे."

चिखलणीवरून आले की तात्या हा छोटा ट्रॅक्टर अंगणातल्या भेंडीच्या झाडाखाली उभा करीत आणि सांधे गरम असतानाच ग्रीसचा पंप घेऊन बसत. आधी फडक्याने निपल, म्हणजे सांध्यावरचे ग्रीस भरायचे बोंड, पुसायचा, मग पंपाचे तोंड लावायचे. आतले काळे ग्रीस सांध्यातून बाहेर येऊन त्याच्यामागून स्वच्छ पिवळे दिसेपर्यंत दाबत राहायचे. न पुसता दाबले तर चिखलच आत जातो. असे अकरा निपल. ते झाल्याशिवाय तात्या पानावर बसत नसत. "आधी त्याचं जेवण, मग माझं," म्हणत.

रविवारी मात्र ते आधी बसले होते. जयवंती सासरहून, मासवणहून, भेटायला आली होती. तिनेच अंगणात जाऊन त्यांच्या हातातले फडके काढून घेतले होते. "त्याला उद्या भरवा. भात निवतोय." तात्या हसत उठले होते. सोमवारी पहाटे ते उठलेच नाहीत.

आज गुरुवार. फडके अजून सीटवरच होते, वाळून कडक झालेले. तिने ते उचलले.

"जयू, ठेव ते खाली." मैनाकाकू दारात उभी होती. "सुतकात तेल नाय."

"हे काय केसांना लावायचंय, काकू? ग्रीस आहे."

"तेलच ते. घट्ट झालं म्हणून काय झालं?" काकूचे पांढरे केस कोरडे, विस्कटलेले होते. "आमी कोणी तेलाला बोट लावलं नाय. आणि भावोजीच सांगायचे ना गावभर, हा माझा मुलगा म्हणून? मग मुलाला बापाचं सुतक नाय?"

"मग दहाव्याला त्याच्यासाठी पण न्हावी बोलवू काय?" कमलाकांत म्हणाला.

"गप रे."

जयवंती हसली नाही. "धुऱ्याचा सांधा गेला तर तो भाग इथे मिळत नाही, काकू. परदेशातून बोटीने यायला सहा महिने. त्यात ही खारी हवा. तात्यांनी एक दिवस उपाशी ठेवला नाही त्याला. मी ठेवला."

काकू उंबऱ्यावर टेकली. मग म्हणाली, "परक्या कोणाला बोलव. बाहेरच्याने लावलं तर दोष नाय. सुतक घरच्यांना."

"कोणाला येतंय हे? कमलाकांत तारापूरच्या बांधकामावर जातो, त्याला शिकायला सवड नव्हती. आणि गावात दुसऱ्या कोणाला तात्यांनी हात लावू दिला नाही. मला तेवढं शिकवलं."

काकूने तिच्याकडे पाहिले. नजर काढून घेतली. पुन्हा पाहिले.

"तू हायस की."

"मी?"

"लग्न झालेल्या लेकीला बापाचं तीनच दिवस. तुझं कालच फिटलं. तू आमच्याबरोबर दहा धरून बसलीस म्हणून मी बोलले नाय."

जयवंतीच्या हातात फडके तसेच राहिले. तीन रात्री ती घोंगडीवर झोपली होती. एक वेळ जेवली होती. कमलाकांतसारखीच. काकूसारखीच.

"डोक्यावरून पाणी घे," काकू हळू आवाजात म्हणाली. "आधी स्वतःच्या केसांना तेल लाव. मग त्याला."

विहिरीवर न्हाऊन ती आली. खोबरेलाच्या बाटलीला काकूने हात लावला नाही. लांबूनच कोनाडा दाखवला. जयवंतीने तळहातावर तेल घेतले. बराच वेळ ते तळहातावरच राहिले, शेवटी केसांत गेले.

मग तिने जॅक लावून पुढची चाके उचलली, सांध्यावरचा भार काढला. फडके ओले करून पहिला निपल पुसला. पंप दाबला तसे आधी पाणी आले, मग तांबूस गढूळ, मग काळे. ती दाबत राहिली. पिवळे दिसले तेव्हा पुढच्या निपलाकडे सरकली. ऊन भेंडीवरून कलले. ओसरीवरून कमलाकांत विचारायचा, "किती?" ती आकडा सांगायची.

"अकरा," ती शेवटी म्हणाली.

चाके खाली टेकवून तिने ट्रॅक्टर सुरू केला, अंगणात दोन वेळा मागेपुढे केला. स्टीअरिंग एका हाताने वळले. आवाज आला नाही. कमलाकांत उठून उभा राहिला होता.

ट्रॅक्टर बंद करून तिने राखेने हात धुतले. घसा कोरडा पडला होता. "काकू, पाणी दे ग," म्हणत ती ओसरीच्या पायरीशी आली.

काकूने माठात तांब्या बुडवला. वर काढला, आणि तशीच उभी राहिली. मग पाणी माठात परत सोडले.

"थांब. शेजारच्या आनंदीला आणायला सांगते," ती म्हणाली. "सुतकाच्या घरचं पाणी आता तुला चालायचं नाय."

जयवंतीने पायरीवर ठेवलेला पाय मागे घेतला.