शिखराच्या अलीकडे

बर्फातून ‘धप्प’ असा खोल आवाज आला आणि मेंगिया जागच्या जागी थांबली. दोराच्या दुसऱ्या टोकाला, थोडा मागे, तिचा नवरा डुरीही थांबला. पायाखालचा अख्खा उतार एकदाच श्वास सोडून खाली बसावा, तसा तो आवाज होता.

पहाटे हाच बर्फ काचेसारखा कडक होता. बुटांचे काटे त्यात करकर रुतत होते. आता एप्रिलचं ऊन डोंगराच्या अंगावर चढलं होतं आणि पाय गुडघ्यापर्यंत आत जात होता. असा बर्फ कधी सुटेल सांगता येत नाही. शिखरावरचा लाकडी क्रूस मात्र समोरच होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, इतका जवळ.

“जायचं ना पुढे?” मेंगियानं मागे न बघताच विचारलं.

डुरीनं तिच्या पाठीकडे पाहिलं. लाल सॅक, टोपीतून सुटलेली पांढरी बट. सगळा हिवाळा घरात याच शिखराचं बोलणं चाललं होतं. आणि आता इथून तिला परत फिर म्हणायचं?

“मेंगिया,” तो म्हणाला, “मला भीती वाटतेय.”

ती वळली. सावकाश, दोर पायात येऊ न देता.

“कोणाला?”

“मला. आणि हळू बोल, डोंगर ऐकतोय.”

“एवढा संसार झाला, कधी बोलला नाहीस.”

“एवढ्या संसारात तू विचारलंस कधी?”

तिनं एकदा वर क्रूसाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. “चल, फिर मागे. आपल्याच खुणांत पाय टाक. आणि रेड्यासारखा धपाधप चालू नकोस.”

ते उतरले. एकानं पाऊल टाकलं की दुसरा थांबायचा. कडेच्या खडकाला हात लागला तेव्हा डुरीनं आधी स्वतःला वर ओढलं आणि मग मेंगियाला, नुसतं दंडाला धरून नाही, पार मिठीत घेऊन.

आणि मग अख्खा उतार निसटला. फार गडगडाट नाही. क्रूसाच्या खाली एक बारीक रेघ उमटली, पांढऱ्या चादरीला सुरकुत्या पडाव्यात तसा बर्फ हलला आणि सगळाच्या सगळा दरीत गेला. बर्फाची भुकटी दोघांच्या तोंडावर उडाली. भुकटी विरली तेव्हा त्यांच्या पावलांच्या जागी काळपट ओली जमीन होती.

खाली गावात चर्चची घंटा वाजत होती. ती थांबेपर्यंत दोघं तसेच बसून राहिले.

“मलाही भीती वाटत होती,” मेंगिया म्हणाली. “ऊन चढलं तेव्हापासून.”

“मग बोलायचं नाही का, वेडे!”

“तू किती खुशीत होतास. तुझ्यासाठीच तर चढत होते मी.”

“आणि मी कोणासाठी चढत होतो मग?”

मेंगियानं सॅकमधून थर्मास काढला. त्यानं पेला धरला, तिनं चहा ओतायला घेतला. दोघांचेही हात इतके थरथरत होते, की पेला भरेपर्यंत निम्मा चहा खडकावर गेला, आणि दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सुटले.