घरभेदी

मामांच्या छापखान्यात डिझाइन करणाऱ्या भाचीच्या घरी सगळ्या कामांच्या फायलींच्या कॉपी सापडल्या आणि त्यांचं पित्तच खवळलं.

"मामा, उद्या रॅन्समवेअरने कॉम्प्युटरवरचं सगळं अडकवलं तर हाताशी असाव्यात म्हणून ठेवल्यात," ती म्हणाली.

"घरभेदीपणाला इंग्रजी नावं देऊ नकोस!" म्हणत त्यांनी तिला कामावरूनच काढलं.

पुढच्याच महिन्यात छापखान्यातल्या सगळ्या फायली कुणीतरी कुलूपबंद केल्या. पडद्यावर खंडणीची मागणी झळकली. मामांनी मुकाट्याने भाचीला फोन लावला, आवाजात साखर घोळवली. "बाळा, त्या तुझ्याकडच्या कॉपी जरा आणून देतेस?"

 

"त्या तुम्हीच समोर बसून पुसायला लावल्यात ना, मामा! वर म्हणालात, 'आता कुठे धंदा सुरक्षित झाला.'"