जुळ्यांचे गुण

गीतांजली मॅडम शाळकरी पोरांच्या मनाच्या पाहणीसाठी अमरावतीहून नांदगाव खंडेश्वरला आल्या, त्या दामिनी आणि विपुलच्या घरी दुसऱ्यांदा. ही दोघं जुळी. दोन वर्षांपूर्वी, आठवीत असताना, दोघांनी हाच प्रश्नांचा कागद भरला होता. झोप लागते का, मित्र-मैत्रिणी आहेत का, घरचे ऐकून घेतात का, असलं सगळं. शंभरपैकी जितके गुण जास्त, तितकं पोर खुशाल. तेव्हा पोरगी पोरापेक्षा चार गुणांनी पुढं होती. खो-खोची कॅप्टन, बोलायला लागली की थांबायचं नाव नाही.

आता दहावीतली दामिनी आली ती मान खाली घालूनच बसली. खो-खो सुटला होता. मैत्रिणींकडे जाणं बंद, मोबाइल बंद. पोरगी मोठी झाली की आमच्याकडे हे कोणाला सांगावं लागत नाही, आपोआप होतं. चाळिसाच्या खाली गुण आले, तर आठवड्यातून एकदा शाळेतच एक ताई येऊन पोरीचं ऐकून घेणार होती. मॅडमनी तिला तसं सांगितलंही. तिनं पहिल्यांदाच वर पाहिलं.

विपुल क्रिकेट खेळायला गेलेला. आई वच्छलाबाई म्हणाल्या, त्याचाही कागद हीच भरेल, त्याच्या प्रॅक्टिकलच्या वह्या तरी कोण लिहितं? मॅडम नको म्हणेपर्यंत दामिनीनं त्याचा कागद ओढून घेतला. झरझर खुणा करत सुटली. कुठं अडली नाही.

मग तिनं स्वतःचा कागद पुढं घेतला. वच्छलाबाई चुलीकडे जाता जाता थांबल्या. रागानं नाही, भ्यायल्यासारख्या बोलल्या.

"चांगलंच लिहिजो, माय. तुया बापाले समजलं तं तो शाळाबी बंद करीन."

दामिनीनं मान पुन्हा खाली घातली. मग लिहिलं एकदाचं.

मॅडमनी बेरीज केली. चौऱ्याण्णव. विपुलचेही चौऱ्याण्णव. आता चौऱ्याण्णववाल्या पोरीला त्या ताईकडे कोण बोलावणार, कपाळ! मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. खूण न् खूण तीच.

"दोन्ही सारखे कसे गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"त्याच्यावरूनच उतरवला, मॅडम," दामिनी म्हणाली. "आईनं चांगलं लिहाले सांगतलं. चांगलं कसं असते, ते मले त्याचंच पाहून मालूम हाये."