पडद्यावर जांभळं नसतं

"नजर पडद्यावर, बाई," साहेब पाठीमागून म्हणाले.

तिने फक्त एकदा दाराकडे बघितलं होतं. बघून तरी काय होणार होतं म्हणा! विमानतळाच्या पोटातली ही खोली. ना खिडकी, ना फोन. बाहेर पट्ट्यांवरून प्रवाशांच्या हातातल्या बॅगा सरकायच्या आणि त्यांच्या आतलं सगळं इथे पडद्यांवर उमटायचं. कपडे, कागद, खाणंपिणं नारिंगी. धातू निळा. ठीक असलं की हिरवं बटण, संशय आला की लाल. माणूस एकही दिसायचा नाही. आणि बदलीचा माणूस येईपर्यंत खुर्ची सोडायची नाही म्हणजे नाही.

नेमकी आज तिची लेक बाहेरच्या त्या रांगेत होती. लांबच्या नोकरीवर निघालेली, दोन-तीन वर्षं तरी न येणारी. सुट्टी मागितली, तर साहेब म्हणाले, "सगळ्यांच्याच लेकी जातात हो." संपला विषय.

त्यात काल संध्याकाळी मायलेकींची जुंपली. कारण काय, तर आईने लेकीची भरलेली बॅग उपसली आणि आपल्या पद्धतीने पुन्हा भरायला घेतली. लेक भडकली. "आई, मी चाललेय! जरा माझ्याकडे बघ ना! तुला माणसं दिसतच नाहीत, बॅगा तेवढ्या दिसतात." आईचंही डोकं फिरलं. "मग जा की! अडवलंय कोणी?" असं बोलून बसली, आणि मग रात्रभर कूस बदलत राहिली. सकाळी ड्यूटीवर निघाली तेव्हा लेकीच्या खोलीचं दार बंद होतं. वाजवायला हवं होतं. नाही वाजवलं. दोघीही मानी, दुसरं काय!

आता निदान तिची बॅग तरी डोळ्यांखालून जाईल, एवढ्याच आशेवर ती बसली होती. जांभळी बॅग. दोघींनी मिळून घेतलेली. बऱ्याच बॅगा सोडल्यावर तिच्या डोक्यात प्रकाश पडला. अगं वेडे, पडद्यावर जांभळं असतं का कधी? इतकी वर्षं याच खुर्चीत घालवली आणि एवढंही सुचू नये!

मग ती आतल्या वस्तूंवरून शोधायला लागली. बूट, चार्जर, केसांचा ब्रश. सगळ्यांच्या पोरी हेच नेतात. ही असेल का तिची? की ही? ती एकेका चित्रावर रेंगाळायला लागली.

"बाई, बाहेर बॅगा तुंबल्यात," साहेब म्हणाले. "आणि गेल्या महिन्यातलं लक्षात आहे ना?"

होतं की. न असून सांगते कुणाला! तिथली पद्धतच तशी. मधूनच मशीन एखाद्या खऱ्या बॅगेच्या चित्रावर खोटं हत्यार चढवून द्यायचं, बसलेला माणूस जागा आहे की नाही बघायला. गेल्या महिन्यात असलं एक पिस्तूल तिच्या नजरेतून निसटलं होतं. आणखी एक निसटलं असतं, तर नोकरीवरच पाणी सोडावं लागलं असतं. तिने लेकीला मनातून बाजूला सारलं आणि डोळ्यांना एकच काम लावलं. हत्यार शोधा.

आणि आलंच! एका बॅगेत, बरोब्बर मधोमध, आडवी सुरी. तिने लाल बटण दाबलं. चौकट उमटली, 'शाब्बास! ही चाचणी होती.' सुरी पुसली गेली. हुश्श! तिने त्याच भरात हिरवं बटण दाबलं आणि बॅग सोडून दिली. पुढची आली. मग त्याच्या पुढची.

अखेर बदली आली. ती उठून दाराकडे धावली. तशीच बाहेर पडली असती तर कदाचित विमानाच्या दाराशी लेक भेटलीही असती. पण साहेब आडवे आले.

"दोन मिनिटं, बाई. सुरी छान पकडलीत. पण नंतर बॅग पुन्हा बघायची असते, ती का नाही बघितलीत? सुरी खोटी होती, बॅग खरी होती ना?"

"साहेब, नंतर बोलू का? माझी लेक..."

"आत्ताच. इकडे बघा."

त्यांनी ते चित्र पुन्हा लावलं आणि सुरी काढून टाकली. "हे काय आहे? एवढं मोठं, निळंशार! सुरी याच्यावरच तर होती. होतं असं. एक सापडलं की मेंदू पुढचं शोधायचं सोडून देतो, डोळे नुसते उघडे राहतात."

ती बघत राहिली. घडी घातलेल्या कपड्यांवर कपडे टांगायच्या हँगरची तार ठेवलेली होती. तार खऱ्या हाताच्या कडेकडेने फिरवून पंजाच्या आकारात वाकवलेली. पाच बोटं पसरलेली, तळवा समोर. करंगळी वाकडी. लेक लहान असताना ती करंगळी दारात सापडली होती, आणि ते दार आईनेच घाईघाईत ओढलं होतं.

"विमान?" तिने विचारलं.

"कुठलं? सकाळची तर सगळी उडाली."

ती बाजूच्या रिकाम्या खुर्चीत बसली. लेकीने जाताजाता आईला हात हलवून टाटा केला होता, आणि आईला त्यात फक्त सुरी दिसली होती.